मीटरगेजला त्रेचाळीस मतं

५ जानेवारी, रविवार

मतदान उघडून चार दिवस झाले आणि लोक एकमेकांच्या जिवावर उठलेत. कशावरून, तर वीतभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या इंजिनावरून.

आमची कंपनी आगगाड्यांची मॉडेल बनवते. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान, रुळांवर धावणारी. खेळणी म्हटलेलं गिऱ्हाइकांना चालत नाही. पन्नाशीची माणसं, डॉक्टर, बँकेतले मॅनेजर, डब्याला जाळी इथे कशी दाखवली म्हणून पानपानभर मेल करतात. आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, आम्हाला हवी ती गाडी तुम्ही कधी काढतच नाही. म्हणून मी दामोदरन सरांना म्हटलं, एकदा विचारूनच टाकू. लोकांनी मत द्यायचं, पहिली येईल तिचा साचा करायचा. सर म्हणाले, "कर. फसलं तर तुझ्या नावावर." कंपनी त्यांची, तेव्हा हे त्यांनी सहज म्हटलं. फसलं तर जाईल ती खुर्ची माझी आहे.

आज आमच्या पेजवर कोइमतूरच्या एका दंतवैद्याने दुसऱ्याला लिहिलं, समोर आलास तर दात पाडीन. दंतवैद्याने! मी ते पुसलं नाही. भांडण असलं की मतं वाढतात.

रविकांत रावांचं पत्र काल पुन्हा आलं. दर आठवड्याला येतं, पोस्टाने. इंग्रजीत, शेवटची ओळ मात्र मराठीत, कारण मी मिरजेचा आहे हे त्यांना कळलंय. ते तंजावरकडचे मराठी, इथे तमिळ मुलखात सात-आठ पिढ्या. चौतीस वर्षं तांबरमच्या कारशेडमध्ये नोकरी केली. बीच स्टेशन ते तांबरम धावणारी मीटरगेज लोकल, जी बंद होऊन एकवीस वर्षं झाली, तिचं मॉडेल आम्ही काढावं एवढीच त्यांची मागणी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या गाडीची स्वतः मापं घेऊन काढलेली अकरा ड्रॉइंगं मला आणून दिली होती. अशी गाडी कोण घेणार? आजपर्यंत तिला सात मतं आहेत. त्यातलं एक त्यांचं, एक त्यांच्या मुलीचं असणार.

९ जानेवारी, गुरुवार

गुम्मिडिपूंडीला गेलो होतो. आमची मोल्डिंगची शेड तिथे आहे आणि तिथला सुपरवायझर महेश. शाळेपासूनचा दोस्त. मीच त्याला इथे चिकटवला.

मी पोचलो तेव्हा महेश एका ऑपरेटरला मारत होता. साच्यात अडकलेला तुकडा त्याने स्क्रूड्रायव्हरने उचकटला आणि साच्यावर ओरखडा गेला. चाळिशीचा माणूस असेल. महेशने त्याची कॉलर धरून त्याला मशीनच्या पत्र्यावर आपटलं, एकदा, मग पुन्हा. नाकातून रक्त आलं तेव्हा सोडलं. बाकीचे मान खाली घालून काम करत राहिले. मीही चहाचा कप हातात घेऊन उभा राहिलो. मधे पडायला हवं होतं का? माहीत नाही. शेड महेशची आहे.

नंतर हात धूत तो म्हणाला, "ह्यांना तोंडाने सांगून कळत नाही रे. तुला कुणी त्रास देत असेल तर सांग. तू नुसतं सांग."

आठवीत असताना एका पोराने माझी वही फाडली होती. महेशने त्याचा हात मोडला. मी नुसतं बोट दाखवलं होतं.

१३ जानेवारी, सोमवार

रविकांत रावांचा फोन. त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीतला कुणीतरी उठून बोलतोय असं वाटतं.

"गंधारराव, दोन वर्षं जालीं. तीं डिराइंग मज परत पाहिजेत. ट्रेस काढून पुन्हा आणून देतों. सेरि ना?"

"हो हो, सुरक्षित आहेत. आमची डिझायनर रुचिरा, तिच्याकडे आहेत."

"दुसरी कॉपी नाही, म्हणून विचारलों. रागावूं नका."

"छे, रागावतो कशाला."

ड्रॉइंगं रुचिराकडे नाहीत. कुठेच नाहीत. डिसेंबरात अड्यारच्या ऑफिसात पाणी शिरलं, खालचं कपाट भिजलं, आणि साफसफाईच्या दिवशी मी ती गुंडाळी कचऱ्याच्या टेंपोत टाकली. नुसता लगदा झाला होता.

लगदा नव्हता. इथे तरी खरं लिहावं. खालची भिजली होती, वरची चार-पाच कोरडी होती. उलगडून वाळत घालायला अर्धा दिवस गेला असता आणि त्या दिवशी सर डोक्यावर उभे होते. शिवाय कोण करणार होतं ती गाडी?

२२ जानेवारी, बुधवार

मतदान संपलं. अडीच हजारांवर मतं. पहिली आली ती राजधानी, अपेक्षेप्रमाणे. मीटरगेज लोकलला त्रेचाळीस. एकोणिसाव्या नंबरवर.

२ फेब्रुवारीला ऑफिसच्या हॉलमध्ये समारंभ ठेवलाय. सर म्हणाले, भाषणं नकोत, काहीतरी मजा आण. मला कल्पना सुचली: लोकांच्या पत्रांमधल्या गमती वाचून दाखवायच्या. रावांची सतरा पत्रं आहेत माझ्याकडे. अदितीला त्यातलं एक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे कार्यक्रमात वाचू नकोस." मी म्हटलं, नाव नाही घेणार. ती म्हणाली, "तो माणूस तिथे बसलेला असेल ना?" बायकोला विनोद समजावून सांगत बसलं की तो मरतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलमधून लिहितोय. कपाळाला चौदा टाके, डावं कॉलरबोन मोडलंय. उजवा हात शाबूत आहे, म्हणून हे लिहिता येतंय.

रविवारी हॉल भरला होता. सव्वाशे माणसं असतील. महेश शेडमधल्या दोघांना घेऊन सामान लावायला आला होता. अदिती तिसऱ्या रांगेत. मी रावांचं इंग्रजी पत्र वाचलं, त्यांच्याच हेलात. "महाशय, राजधानीतून साहेब लोक गेले. ज्या गाडीतून ह्या गावची माणसं कामास गेलीं, ती कोण काढणार?" लोक पोट धरून हसले. मी आणखी एक वाचलं.

तेवढ्यात ते उठून स्टेजवर आले. अडुसष्ट वर्षांचा किडकिडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्यापाशी येऊन हळू आवाजात मराठीत विचारलं, "माजीं डिराइंग कोठे अहेत? रुचिराबाईंस आतां भेटलों. त्या म्हणाल्या, त्यांनीं कधीं पाहिलींच नाहीत."

माझ्या हातात माईक होता. सगळे बघत होते. मी माईकमधूनच इंग्रजीत म्हणालो, "सर, तुमची गाडी डिसेंबरच्या पुरात सुटली. थेट समुद्राला लागली असेल."

सगळ्यात मोठा हशा त्यालाच झाला.

शेजारच्या टेबलावर शोभेला रेल्वेचा जुना पितळी हातकंदील ठेवला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या कपाळावर घातला. आवाज आधी आला, दुखणं नंतर. डोळ्यात रक्त उतरलं. मी खाली गेलो तसा दुसरा घाव खांद्यावर. हाड मोडल्याचं माझं मलाच ऐकू आलं. ते तिसऱ्यांदा उचलत होते तेव्हा महेश पोचला.

पुढचं मला काही आठवत नाही. मी बेशुद्ध होतो.

महेशने त्यांना केसांना धरून स्टेजवरून खाली ओढलं. शेडमधले दोघे हात धरून होते. चष्मा महेशच्या बुटाखाली चुरला, एक काडी उडून खुर्च्यांखाली गेली. लाथ बरगडीत बसली की म्हातारा "अय्यो" नाही म्हणायचा, "आई" म्हणायचा. पाच-सहा वेळा तरी म्हणाला. मग नुसता श्वासाचा आवाज, पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा. तरी महेश थांबला नाही. हे सगळं मला नंतर कुणीतरी सांगितलं असेल.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. ज्याने आपलं डोकं फोडलं तो मार खातोय म्हटल्यावर कुणालाही वाटेल.

एक मात्र कळत नाही. माझा घसा पार बसलाय, पाणी गिळताना दुखतं. डोक्याला मार बसल्यावर घसा कसा बसतो, डॉक्टरांना विचारायला हवं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरी आलो. पोलीस जबाब घेऊन गेले. विनाकारण हल्ला, असं लिहून घेतलं. ड्रॉइंगांचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. राव सरकारी दवाखान्यात आहेत, बाहेर शिपाई बसवलाय. तीन बरगड्या मोडल्यात म्हणे.

महेश येऊन गेला. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा सुजलाय. म्हणाला, "गंध्या, तुझा आवाज आला आणि माझं डोकंच फिरलं बघ."

"दुखण्याने ओरडलो असेन."

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हां. तसंच असेल." आणि नीट न बसताच गेला.

अदिती हॉलमध्ये झोपते. माझ्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून. बोलतही फारसं नाही. डोळ्यांसमोर एवढं घडलेलं बघितलंय तिने, त्या म्हाताऱ्याची धास्तीच घेतली असणार. मी तिला म्हटलं, आता तो काही करू शकत नाही. ती भात ठेवून गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात पस्तिशीची बाई, डोळे सुजलेले. "मी संयुक्ता. रविकांत रावांची मुलगी." अदितीने तिला आत घेतलं, पाणी दिलं. मला वाटलं, आता तक्रार मागे घ्या म्हणून रडणार. मी उत्तर तयारच ठेवलं होतं.

ती म्हणाली, "मज केसचं काही बोलायचं नाही. अप्पांनीं तुम्हास मारलें, तें चूक. मी क्षमा मागते. तीं डिराइंग द्या."

"आत्ता?"

"अप्पा मागतायत. श्वास घेतला कीं दुखतं, बोलायला होत नाही. बोटाने हवेंत चौकोन काढतात. मज कळतं, दरवाजा काढतायत. त्यांस वाटतं, मधल्या डब्याचं एक माप चुकलंय. तेव्हढं बघायचं अहे त्यांस."

माझं तयार उत्तर वाया गेलं. मी म्हणालो, "पोलिसांनी जप्त केलीत. पुरावा म्हणून."

"सगळीं?"

"सगळी."

तिने मान डोलावली. जाताना दारात वळून म्हणाली, "त्या दिवशीं मी थोडी उशिरा आले. आंत येतां येतां ऐकलें. पण आतां तें नको." आणि जिना उतरली.

काय ऐकलं? तो हशा असणार. अदितीला विचारलं, तर ती माझ्याकडे बघून उठून गॅलरीत गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रविकांत राव काल गेले. आतून रक्तस्राव होत होता, उशिरा कळलं.

महेशचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "मेला रे. मेला तो." मी म्हटलं, तू मला वाचवत होतास, सगळ्यांनी पाहिलंय. "सगळ्यांनी पाहिलंय," तो म्हणाला, "तेच सांगतोय तुला."

संध्याकाळी पोलिसांनी त्याला आणि शेडमधल्या दोघांना उचललं.

मी टाके चाचपून पाहतो. म्हातारा तिसरा घाव घालत होता. घातला असता तर मी असतो त्या जागी. हे दिवसातून दहा वेळा म्हणतो. म्हटल्यावर तासभर पुरतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ज्यांनी त्याला हसून घेतलं त्यांनीच आता त्याचे फोटो लावलेत. तांबरमच्या कारशेडमधला तरुण रविकांत, डब्याच्या दारात उभा. खाली शेकडो लोक लिहितायत, हीच गाडी काढा, त्यांच्या आठवणीत काढा. ज्याने दात पाडायची धमकी दिली होती त्यानेही लिहिलंय. आमच्याविरुद्धही खूप लिहिलंय, पण गाडी त्यांना आमच्याकडूनच हवी आहे.

सरांचा फोन. राजधानी पुढे ढकलली, मीटरगेज आधी. "त्याने तुला ड्रॉइंगं दिली होती ना? उद्या रुचिराकडे पाठव."

मी सांगितलं. पुरात गेली.

"सगळीच?"

"सगळीच."

सर म्हणाले, "बरं. फोटोंवरून करू. कुणाला काय कळतंय?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज इन्स्पेक्टर मलरविळी बाईंनी ठाण्यात बोलावलं. शांत बाई आहेत, चहा मागवला. म्हणाल्या, समारंभाचा एक व्हिडिओ मिळालाय. त्यात कुणीतरी ओरडतंय, तमिळ नाही, हिंदीही नाही. इथे मराठी येणारं कुणी नाही, तुम्ही सांगा काय म्हणतंय.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लोकांच्या पाठी, पडलेल्या खुर्च्या, महेशचा पाय मागे जातोय आणि पुढे येतोय. आणि माझा आवाज. आधी मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा असेल. पण मी त्या व्हिडिओत होतो. टेबलाला धरून गुडघ्यावर उभा, तोंड रक्ताने माखलेलं. बेशुद्धबिशुद्ध काही नव्हतो.

"सोडू नकोस, मह्या! आणखी दे! मार!"

एकदा नाही. महेश मधे एकदा थांबला होता. मागे वळून त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. तो विचारत होता. आणि मी पुन्हा ओरडलो. शिरा ताणून, हातातला माईक बाजूला पडलेला, त्यामुळे घसा फाडून.

बाईंनी व्हिडिओ थांबवला. "काय म्हणतंय?"

मी म्हणालो, "सोड. सोड त्याला, म्हणतोय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अदितीला सांगितलं की व्हिडिओत आवाज नीट ऐकू येत नाही.

ती म्हणाली, "मी तिसऱ्या रांगेत होते, गंधार. मला नीट ऐकू आलं."

मी काहीतरी बोललो. डोक्याला मार होता, भान नव्हतं, कुणीही असंच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "महेश थांबला होता. तेव्हा तू काहीच बोलला नसतास तरी पुरलं असतं. गप्प बसला असतास तरी तो माणूस आज असता."

"त्याने मला मारलं असतं!"

"त्याचे दोन्ही हात धरले होते."

माझा उजवा हात वर गेला. मी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही. आजही तिला मारलं नाही, हात शेजारच्या कपाटाच्या काचेवर मारला. काच फुटली, मनगटापर्यंत कापलं. ती मागे सरकून भिंतीला टेकली, दोन्ही हात तोंडापुढे. तशीच उभी राहिली. मी रक्त गळणारा हात घेऊन तिला म्हणत होतो, "तुला नाही गं, तुला नाही मारत." पण तिने हात खाली घेतले नाहीत.

मग तिने टॉवेल आणून माझ्या हाताला बांधला आणि बॅग भरली. बहिणीकडे नागपूरला जातेय. दारातून म्हणाली, "इतके दिवस हॉलमध्ये का झोपत होते, तुला खरंच कळलं नाही?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी महेशच्या वकिलाबरोबर कोर्टात गेलो, त्याला आणलं होतं. व्हरांड्यात दोन शिपायांच्या मधे उभा. दाढी वाढलेली, ओठ फुटलेला. मारलं असणार आत.

मी जवळ जाऊन म्हटलं, "तू काही सांगितलंस?"

"काय?"

"मी काय ओरडलो ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्याचीच काळजी आहे का तुला?" असं म्हणून बेडीतले दोन्ही हात उचलून त्याने माझ्या तोंडावर आणले. नाकाचं हाड गेलं. मी खाली पडलो, तो वर आला, शिपायांनी ओढला तरी गुडघा माझ्या मोडक्या खांद्यावर रोवून म्हणत होता, "आठवीपासून! आठवीपासून मी मारतोय आणि तू बघतोयस!"

त्याला ओढत नेलं. त्याने पोलिसांना अजून काहीही सांगितलेलं नाही, वकील म्हणाला. एक शब्द नाही.

तिथून थेट ठाण्यात गेलो. नाकात कापूस होता. मलरविळी बाईंना म्हटलं, माझा परवाचा जबाब खोटा आहे. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. संयुक्ताचा जबाब. मी ओरडलेलं वाक्य न् वाक्य, तिच्या मराठीत आणि खाली तमिळमध्ये. तारीख १३ फेब्रुवारी. मला बोलावण्याच्या सहा दिवस आधीची.

"मग मला का विचारलंत?" मी म्हणालो.

"तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं."

मी सगळं लिहून दिलं. कोरडी ड्रॉइंगं टाकली तेही. ते कलमात बसत नाही, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तरी लिहा. उद्या सकाळी दहाला हजर व्हायचंय. कपडे आणि औषधं बरोबर घ्यायला सांगितलंय.

१६ मार्च, रविवार

परवा जामिनावर सुटलो. आतलं लिहिणार नाही. पहिल्याच दिवशी कोठडीतल्या लोकांनी विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, काही नाही, नुसता ओरडलो. ते हसले. मग कुणीतरी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली आणि त्यांनी मला मारलं. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, म्हणाले. दोन दात हलतायत.

महेशला जामीन नाही. मी त्याच्या आईला मिरजेला फोन केला. तिला वाटत होतं, मी त्याला सोडवतोय. मी तिला सांगितलं, मावशी, मीच त्याला सांगितलं होतं मार म्हणून. ती म्हणाली, "तू नुसतंच सांगतोस रे लहानपणापासून." आणि फोन ठेवला.

कंपनीने काढून टाकलंय. अदिती फोन उचलते, जेवलास का विचारते, परत येण्याबद्दल बोलत नाही.

संयुक्ताला पत्र लिहून कळवलं की ड्रॉइंगं पोलिसांकडे कधीच नव्हती. काही कोरडी होती, हेही. उत्तर नाही.

२३ मार्च, रविवार

आज सरांनी त्याच हॉलमध्ये समारंभ केला. मला बोलावणं असायचं कारण नव्हतं, घरी बसून फोनवर थेट प्रक्षेपण पाहिलं. रविकांत रावांचा मोठा फोटो, जाड हार. टेबलावर मखमलीवर मीटरगेज लोकलचा नमुना, थ्रीडी प्रिंटरवर काढून हाताने रंगवलेला, तीन डबे. लोक मान वाकवून बघत होते, कुणी भिंग आणलं होतं. मधल्या डब्याचा दरवाजा अरुंद झालाय, हे मलासुद्धा दिसलं.

संयुक्ताला हार देऊन पुढे बसवलं होतं. सर बोलले, टाळ्या झाल्या, नमुना तिच्या हातात दिला. तिने मधला डबा सोडवून उचलला, डोळ्यांजवळ नेला. सरांना इंग्रजीत विचारलं, "हे कुणाच्या ड्रॉइंगवरून?" ते तमिळमध्ये काहीतरी म्हणाले, फोटोंवरून, असंच असणार.

तिने डबा जमिनीवर ठेवला. अगदी नीट, चाकं खाली करून. आणि त्यावर टाच मारली. मग पहिला डबा घेतला, मग तिसरा. खाली ठेवून एकेकावर उभी राहून टाच फिरवली. सर हसत उभे होते, ते हसू काढायचं त्यांना सुचलं नाही. कुणी तिला धरलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळ्यांचे हात वर होते आणि हातांत फोन. तिने खुर्चीवरची पर्स घेतली, बापाच्या फोटोवरचा हार काढून टेबलावर ठेवला, फोटो भिंतीवरून उतरवून काखेत मारला आणि मधल्या वाटेने निघून गेली.

प्रक्षेपण चालूच होतं. कॅमेरा जमिनीवर वळला. चुरा, एक खिडकीची पट्टी, चार चाकं.

खाली लोक लिहायला लागले. वाईट झालं, बिचारी, असं काही जणांनी लिहिलं. मग एकाने विचारलं, हे तुकडे विकायला ठेवणार का. त्याच्याखाली दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आत्तापर्यंत बावीस झाले. एकाने बजावून लिहिलंय, सगळे तुकडे एकत्र हवेत, एकही गहाळ करू नका.